दोस्तोव्हस्कीच्या कर्जाचं खापर जुगारावर?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्ट फिरते: रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्कीवर जुगाराचं डोंगराएवढं कर्ज होतं, ते फेडायला त्याने 26 दिवसांत एकटाकी कादंबरी लिहिली, जुगार नसता तर हा लेखकच घडला नसता.

आधी कर्जाचं बघू. एप्रिल 1864 मध्ये त्याची बायको गेली, जुलैत थोरला भाऊ मिखाईल. भावाच्या मासिकाची देणी आणि उघड्यावर पडलेलं त्याचं कुटुंब, दोन्ही याने अंगावर घेतलं. 1865 मध्ये ते मासिक, 'एपोखा', बुडालं. देणेकरी दारात उभे असताना त्याने स्तेलोव्स्की या प्रकाशकाशी 3,000 रूबलचा करार केला. 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी द्यायची, नाहीतर नऊ वर्षं याचं लेखन स्तेलोव्स्की फुकटात छापणार! पैसे बहुतेक देणेकऱ्यांनीच नेले. उरलेसुरले त्याने जर्मनीतल्या वीसबाडेनला रूलेटवर, म्हणजे फिरत्या चक्रावरच्या जुगारात, घालवले, हेही खरं. जुगाराने भर घातली, मूळ देणं मासिकाचं.

26 दिवस बरोबर आहेत. पण त्या कादंबरीचं, 'जुगारी'चं, कथानक त्याने 1863 मध्येच रोमहून स्त्राखोव या समीक्षक मित्राला पत्रात कळवलं होतं. आणि एकटाकी कसली? रात्री हा टिपणं काढायचा, दिवसा वीस वर्षांच्या लघुलेखिकेला, आना स्नित्किनाला, मजकूर सांगायचा; ती घरी जाऊन स्वच्छ प्रत करायची. मुदतीच्या दिवशी स्तेलोव्स्की गावातच नाही! शेवटी हस्तलिखित पोलिस चौकीत देऊन पोच घ्यावी लागली. सगळ्यात रंगतदार भाग हाच, आणि पोस्टमध्ये नेमका तोच नसतो.

बरं, घाईत खरडणारा माणूस लिहिलेलं जाळतो का? नोव्हेंबर 1865 मध्ये, खिशात दमडी नसताना, त्याने 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीचा बराचसा झालेला खर्डा जाळला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. डिसेंबर 1867 मध्ये जिनिव्हात 'इडियट'चा पहिला मसुदाही मोडीत काढला. तेव्हा मासिकात छापायचा कादंबरीचा पहिला हप्ता तोंडावर आला होता.

राहता राहिला जुगार. एप्रिल 1871 नंतर तो रूलेटकडे फिरकला नाही. 'करामाझोव्ह बंधू' ही त्याची गाजलेली कादंबरी आली त्यानंतर, 1879-80 मध्ये. कर्ज फिटलं ते आनामुळे. 26 दिवसांची कादंबरी संपली त्यानंतर चार महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1867 मध्ये, तिचं त्याच्याशी लग्न झालं होतं. 1873 पासून ती नवऱ्याची पुस्तकं स्वतः छापून विकू लागली, देणेकऱ्यांशी स्वतः बोलू लागली. पोस्टमध्ये रूलेटला एवढं श्रेय आहे. आनाचं नावसुद्धा नाही.