वर्कशीट बॅगेतच राहू द्या

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना संग्रहालयात नेलं की आम्ही शिक्षक आधी काय करतो? प्रत्येकाच्या हातात वर्कशीट कोंबतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. वीस रिकाम्या जागा, उत्तरं वस्तूंखालच्या पाट्यांवर. मुलं पाटीवर वाकतात, शब्द उतरवतात, पुढच्या पाटीकडे पळतात. मान वर करून पुतळा बघायला सवड कुणाला?

बरं, त्या पाट्यांचं इंग्रजी मोठ्यांनाही दोनदा वाचावं लागतं. गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी, हे दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच मांडलं होतं. पहिली साधारण २ वर्षांत जमते, दुसरीला ५ ते ७ वर्षं लागतात. मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलणारं पोर पाटीसमोर अडलं, तर ते आळशी नसतं.

या वेळी वर्कशीट बॅगेतून काढलीच नाही. एका चित्रासमोर सगळ्यांना खाली बसवलं आणि विचारलं : इथे काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? हे प्रश्न माझे नव्हेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांच्या पद्धतीतले आहेत. भर मी एवढीच घातली की उत्तर कुठल्याही भाषेत चालेल.

वर्गात एक मुलगी आहे. कित्येक महिने तिनं इंग्रजीचा एक शब्द काढला नव्हता. (नवी भाषा शिकताना अनेक मुलांचा असा मुका काळ असतो. कान मात्र चालू असतात.) ती मैत्रिणीच्या कानात आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मैत्रिणीनं ते इंग्रजीत सांगितलं, पण चुकीचं. तशी ही उसळलीच, "नो! नॉट स्लीपिंग. डेड!"

झालं! सगळे सरकत चित्राजवळ. हात बघ, डोळे बघ, शेजारची बाई का रडतेय? वीस मिनिटं नुसता वाद, निम्मा इंग्रजीत, निम्मा हातवाऱ्यांनी. बाकीची दालनं राहिली ती राहिलीच.

शाळेत परतल्यावर विचारणा झाली, भरलेले कागद कुठे आहेत? नव्हतेच. दुसऱ्या दिवशी मुलं बोलतील ते तसंच्या तसं फळ्यावर लिहीत गेले आणि तोच त्यांचा वाचनाचा धडा झाला. पहिलं वाक्य अर्थातच त्या मेलेल्या माणसाचं. निम्मा वर्ग अजून म्हणतोय, तो झोपलाय.