आगगाडीचे उपकार कुणावर?

दर काही महिन्यांनी एक संदेश फिरत येतो. त्यात कधी बोरीबंदरहून सुटलेल्या पहिल्या गाडीचे चित्र असते, कधी भोर घाटातल्या पुलाचे. मजकूर मात्र ठरलेला. इंग्रजांनी स्वतःचा पैसा ओतून आगगाडी आणली, शेतकऱ्याच्या मालाला बाजार मिळवून दिला, दुष्काळ हटवला, सगळ्यांना एका डब्यात बसवून जातपात मोडली. तेव्हाचा प्रवासही म्हणे आजच्यापेक्षा स्वच्छ आणि शिस्तीचा होता. आणि शेवटी टोला: "इंग्रज नसते तर आपण अजून बैलगाडीतच असतो."

यात थोडे तथ्य मिसळलेले आहे, म्हणून तो खपतो. आपल्या भागापुरते एकेक विधान तपासू.

"इंग्रजांनी स्वतःचा पैसा ओतला." बोरीबंदरहून ती पहिली गाडी सोडणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीचा करार 1849 चा. भांडवल विलायतेत उभे राहिले हे खरे. पण त्यावर वर्षाला पाच टक्क्यांची सरकारी हमी होती. कंपनीला तेवढी कमाई झाली नाही, तर उरलेली भर हिंदुस्थानच्या तिजोरीने घालायची. जमीनही सरकारनेच फुकट द्यायची, 99 वर्षांसाठी. आणि त्या तिजोरीत सर्वांत मोठी भर शेतसाऱ्याची. म्हणजे ज्या कुणब्याने आगगाडी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, त्याच्या साऱ्यातून विलायतेतल्या भागधारकाचे व्याज सुटत होते. हिंदुस्थानचे अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी यांनी पुढे 1872 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे आडपडदा न ठेवता सांगितले की, हमी मिळाल्यावर पैसे हुगळी नदीत फेकले काय आणि विटा-चुन्यात घातले काय, भांडवलवाल्याला सारखेच. बुडायची भीती नाही आणि पाच टक्के पक्के, अशा व्यवहाराला दानधर्म म्हणायचे असेल तर आपल्या सावकारांनाही धर्मात्मे म्हणावे लागेल.

"शेतकऱ्याच्या मालासाठी रूळ टाकले." माल शेतकऱ्याचा होता, गरज इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांची. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने रेल्वेबद्दलच्या 1853 च्या टिपणात ती लपवलेलीही नाही. इंग्लंड कापसासाठी हाका मारते आहे, वाहतुकीची सोय झाली की हिंदुस्थान तो पुरवील, असे त्यात आहे. त्याच 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले आणि वर्षभरात नागपूरचे राज्य खालसा झाले. काळ्या मातीचा, कापसाचा सगळा पट्टा हाती आला. 1865 मध्ये थळ घाटाचा मार्ग खुला झाला, 1867 मध्ये गाडी भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. खामगावचा कापूसबाजार मुख्य मार्गापासून जरा बाजूला राहिला, तर जलंबहून तिथवर खास फाटा टाकला गेला आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणारी छोट्या रुळांची शकुंतला आज सगळ्यांना गोड वाटते, पण तीही जन्माला आली ती कापसाच्या गाठी वाहायला.

शेतकऱ्याला यातून काहीच मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. पूर्वी वऱ्हाडातला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून आठवडेच्या आठवडे प्रवास करायचा, वाटेत भिजायचा, धुळीने काळवंडायचा. आगगाडीने हा त्रास संपवला आणि भाव चढले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा, 1861 ते 1865 या काळात, तर कापसाचे खरोखर सोने झाले. पण चढलेल्या भावाचा मोठा भाग अडत्या, दलाल आणि जिनवाल्याच्या हाती थांबत होता. शेतसारा रोख भरायचा, तोही हप्त्याच्या तारखेला. हाती पीक येताच ते सावकार सांगेल त्या भावाने देण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर नव्हते. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्जखते राहिली. पुणे-नगरकडे त्यावर वाढीव सारा येऊन बसला. मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकाने फोडली, कर्जाचे कागद जाळले. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी याच मुलखातून धावत होती, तिला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. भाड्याचे दरही बघावेत. बंदराकडे निघालेल्या मालाला सवलत आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला जादा आकारणी, ही तक्रार इतकी जुनी झाली की 1916 ते 1918 च्या सरकारी औद्योगिक आयोगालाही तिची दखल घ्यावी लागली.

"आगगाडीने दुष्काळ हटवला." या विधानावर सगळ्यांत जास्त भरवसा ठेवला जातो, म्हणून इथे थोडे थांबू. सोलापूरला गाडी 1860 मध्ये आली. सोळा वर्षांनी, 1876 मध्ये, त्याच सोलापूर, विजापूर, नगर पट्ट्यात पाऊस गेला. आगगाडीने धान्य आणले, आणि भरपूर आणले. स्टेशनांवर पोत्यांची थप्पी लागली होती. पण ज्याचे पीक गेले, ज्याच्या शेतावर काम उरले नाही, त्याच्याकडे ती पोती विकत घ्यायला पैसा कुठला? रुळांमुळे भाव सगळीकडे सारखे होऊ लागतात असे अर्थशास्त्र सांगते. ते बरोबरच आहे. पण टंचाईत त्याचा अर्थ असाही होतो की, जिथे पीक बरे आहे तिथलेही धान्य महाग होते. हे चालू असताना हिंदुस्थानचा गहू जहाजांत भरून विलायतेला जातच होता. जानेवारी 1877 मध्ये दुष्काळाची पाहणी करायला सरकारने पाठवलेला अधिकारी रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी रोजच्या एक पौंड धान्यावर आणि वर अर्ध्या आण्यावर आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलोही धान्य नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून यावर सरकारला अर्जामागून अर्ज केले. दौंड-मनमाड हा मार्ग बराचसा अशाच दुष्काळी मजुरांनी बांधला आणि तो 1878 मध्ये सुरू झाला. त्या दोन-तीन वर्षांत ब्रिटिश मुलखात मेलेल्यांचा आकडा सरकारच्या स्वतःच्या दुष्काळ आयोगाने 50 लाखांच्या वर धरला आहे.

पुढे वऱ्हाड. रुळांनी इतका चांगला जोडलेला शेतीचा प्रदेश देशात फार थोडा होता. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली गेलेल्या. 1899-1900 च्या दुष्काळाने त्यालाच झोडपले. 1891 च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती, 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली.

विसाव्या शतकात दख्खनच्या दुष्काळात माणसे त्या प्रमाणात मेली नाहीत आणि त्यात आगगाडीचा वाटा आहे, हे मान्य करायला हवे. पण तोवर मदतीचे नियम बांधले गेले होते आणि ते पाळायला लावण्यासाठी लोक भांडतही होते. नुसत्या रुळांनी माणसे जगत असती तर रेल्वेचे जाळे असलेल्या बंगालमध्ये 1943 साली लाखो लोक मेले नसते.

"एका डब्यात बसवून जातपात मोडली." इथे साक्ष द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपेक्षा मोठा साक्षीदार कोण आणायचा? 1901 सालची, त्यांनीच लिहून ठेवलेली हकीकत आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. तिथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तलाव बांधत होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायला भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि दोन भाचे अशी मुले साताऱ्याहून निघाली. नवे कपडे, पहिलाच आगगाडीचा प्रवास. गाडीत त्यांना कुणी अडवले नाही. मसूर स्टेशनावर उतरली, घ्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. आपण महार आहोत हे मुलांच्या तोंडून निघाले आणि त्याचा चेहरा पालटला. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान विटाळायला तयार नव्हता. अखेर दुप्पट भाडे ठरले. गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. बरोबर खायला भरपूर होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

फलाट संपला की गाव सुरू होत होते, आणि फलाटावर तरी काय वेगळे? हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी सोय रेल्वेनेच लावून दिली होती. तिसऱ्या वर्गाच्या गर्दीत खांद्याला खांदा लागून सोवळे ढिले पडले, एवढे श्रेय जरूर द्यावे. ते मात्र गर्दीचे आहे, कंपनीचे नव्हे.

"प्रवास स्वच्छ आणि शिस्तीचा." साहेबाच्या डब्यात असेल. दहातले नऊहून जास्त प्रवासी तिसऱ्या वर्गाचे होते आणि प्रवासी भाड्याचे बहुतेक उत्पन्न त्यांच्याच खिशातून येत होते. 1917 मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. तिकीट 13 रुपये 9 आणे. डब्यावर 22 जणांची पाटी, आत बहुतेक वाटेत निदान 35 माणसे. पहिल्या वर्गाचे भाडे पाचपटीहून थोडे जास्त. सोयी तिथल्या दहाव्या हिश्शानेही इकडे नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. आणि जत्रेच्या दिवसांत तर यात्रेकरूंना सर्रास मालाच्या डब्यांत कोंबून नेले जाई. बार्शी लाइट रेल्वेचे छोटे रूळ 1906 मध्ये पंढरपूरला पोचले. त्याआधी रेल्वेने येणारा वारकरी बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, उतरून पुढे पायी नाहीतर बैलगाडीने जात असे.

राहिला बैलगाडीचा टोला. जपानवर कोणाचे राज्य नव्हते, तिथे 1872 मध्ये आगगाडी सुरू झाली. इतके लांब जायचीही गरज नाही. मुंबईत रेल्वे यावी म्हणून 1840 च्या दशकात खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते. बडोद्याच्या गायकवाडांनी 1862 मध्ये डभोई-मियागाम मार्गावर रूळ टाकले, त्यावर सुरुवातीला डबे ओढायला बैलच जुंपले होते, हे टोला मारणाऱ्यांनी आवर्जून वाचावे. आणि मिरज-कोल्हापूर मार्ग कोल्हापूर दरबारच्या पैशाने झाला. 1888 मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली, 1891 मध्ये गाडी धावली, आणि चार वर्षांनी महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली.