दहा हजारांच्या आत सगळं मिळतं

नवा फोन घ्यायचाय आणि बजेट दहा हजारांच्या आत आहे? झकास. फक्त एक पथ्य पाळा. ज्याच्याकडे पन्नास हजारांचा फोन आहे अशा मेहुण्याला सल्ला विचारू नका. तो म्हणणार, 'अजून थोडे टाक.' थोडे टाकत टाकत माणूस बारा महिन्यांच्या हप्त्यावर कधी पोचतो ते कळत नाही.

दुकानात गेल्यावर फोन हाताळत बसू नका, खोका वाचा. सगळे गुण खोक्यावरच असतात. 8,499 रुपयांत 8 जीबी रॅम, म्हणजे फोनची चालू कामाची जागा! आकड्याच्या शेजारी मुंगीएवढी चांदणी असेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. दुर्लक्ष करवतच नसेल तर खोका उलटा करा. तळाशी लिहिलंय की खरी रॅम 4 जीबी, बाकीची 4 आभासी. म्हणजे फोन आपल्याच स्टोरेजचा, फोटो-अ‍ॅप साठवायच्या जागेचा, तुकडा तोडून त्याला रॅम म्हणतो. उजव्या खिशातली नोट डाव्या खिशात घातली की आपणही दुप्पट श्रीमंत होतो, तसंच. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ असतं, पण हे खोक्यावर कशाला छापतील? आणि किमतीतले तेराशेच्या आसपास तर 18 टक्के जीएसटीतच गेले. सरकारला मात्र आभासी रुपये चालत नाहीत.

स्टोरेजचंही ऐकून ठेवा. या किमतीत बहुतेक वेळा ईएमएमसी जातीचं स्टोरेज मिळतं. त्याचा स्वभाव सरळ आहे. एका वेळी ते एक तर वाचतं, नाही तर लिहितं. महागड्या फोनातलं यूएफएस जातीचं स्टोरेज दोन्ही कामं एकदम उरकतं, त्यामुळे त्या फोनवाल्यांना उसंत म्हणून मिळत नाही. तुमच्या फोनवर एखादं अ‍ॅप अपडेट व्हायला लागलं की बाकी सगळं थांबेल. तेवढ्यात चहा टाका.

कॅमेऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. 50 मेगापिक्सेल! फोटो निघतो तो साडेबाराचा, कारण चार-चार पिक्सेल मिळून एकाचं काम करतात. तेही दिवसाउजेडी बरं करतात. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका एकाच रंगाच्या दिसतात, त्याने भांडणं टळतात. पाठीवर तीन गोल असतील. एक कॅमेरा, एक फ्लॅश आणि मधला 'एआय लेन्स'. काही फोनांत हा मधला 0.08 मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे 320 गुणिले 240 ठिपके. तो फोटो काढायला नाही, शेजाऱ्यांना मोजायला दिलाय.

आता बॅटरी. इथे मी थट्टा करत नाही, बॅटरी खरंच चांगली असते. 5,000 एमएएच, वर पडदा 720 पिक्सेलचा, त्यामुळे खाणं कमी. जपून वापरलात तर दोन दिवस निघतात. हेडफोनचं भोक असतं, मेमरी कार्डाची जागा असते, कित्येकांत एफएमसुद्धा असतो (वायरचा हेडफोन लावावा लागतो, तीच त्याची अँटेना). पाठ प्लॅस्टिकची, पडली तरी फुटत नाही. महागडे फोन ही सुखं केव्हाच विसरले.

भरायला मात्र 10 वॅटचा चार्जर. तीन तास धरून चला. चार्जर हरवला आणि स्टेशनाबाहेरचा शंभराचा आणलात की फोनला भूतबाधा होते. टचस्क्रीन बोटामुळे बदलणारा विद्युतभार ओळखून चालतो. हलका चार्जर तारेतून एवढा गोंगाट आत पाठवतो की नसलेली बोटंही पडद्याला दिसू लागतात. मग फोन आपणच अ‍ॅप उघडतो, आपणच नंबर लावतो. रात्री साडेअकराला व्याह्यांना लागला तर 'सहज केला होता' म्हणा आणि त्यांच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून द्या.

पाण्याचा थेंबही या पडद्याला बोटच वाटतो. हा गुण अनुभवायचा तर गावी जा. महाराष्ट्रात 2021 पासून पिकाची नोंद सातबारावर चढवायला शेतकरी स्वतः फोन घेऊन शेतात उभा राहतो. ई-पीक पाहणी. खरिपाची पाहणी म्हणजे पाऊस आलाच. सोयाबीन गुडघ्याएवढं, चपलेला पायलीभर चिखल, एका हातात छत्री. गट नंबर निवडायला जावं तर थेंब पडतो आणि शेजारच्याचा गट निवडला जातो. धोतराला, नाही तर शर्टाच्या आतल्या बाजूला पडदा पुसायचा आणि परत पहिल्यापासून. तेवढ्यात ऊन पडतं. उन्हात या पडद्यावर आपला स्वतःचा चेहरा तेवढा स्वच्छ दिसतो. त्यातून वाट काढून फोटोपर्यंत पोचलात तर फोन म्हणतो, तुम्ही तुमच्या शेतापासून लांब आहात. आजोबांपासून कसलेल्या बांधावर उभं राहून हे ऐकायचं! वाद घालू नका. मोकळ्या आभाळाखाली चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करा, जीपीएसला दया येईपर्यंत. बांधावरून जाणारे विचारतील, काय हरवलं? सांगा, वावर.

शहरातल्या मंडळींनी हिरमुसू नये, त्यांच्यासाठी यूपीआय आहे. भाजीवाल्याकडे कोड स्कॅन करा, चाळीस रुपये टाका, पिन दाबा. गोल फिरू लागेल. मागे रांग असते, पुढे मेथीची जुडी हातात धरून भाजीवाला उभा असतो. अशा वेळी मोठ्याने म्हणायचं, 'नेट स्लो आहे.' फोन स्लो आहे असं चारचौघांत कुणीही म्हणत नाही, सगळं खापर नेटवर्कच्या डोक्यावर. मग त्याच्या टोपलीतला डबा गर्जतो, 'चाळीस रुपये प्राप्त झाले.' तुमच्या पडद्यावर गोल अजून फिरतोच आहे. मेथी घ्या आणि निघा, फोन घरी येईपर्यंत कळवेल.

फोन उघडण्याआधीच पडद्यावर जाहिरात दिसेल. कर्ज हवंय का, पोट कमी करायचंय का. चिडू नका. फोन तुम्हाला स्वस्त पडला त्यातले थोडे पैसे या जाहिरातवाल्यांनी भरलेत, आता ते तुमच्या नजरेतून वसूल करतायत. सेटिंगमध्ये सात दारं ओलांडली की ते बंद करता येतं. आठवडाभराने येणारा अपडेट परत चालू करून ठेवतो. सुरक्षेचे अपडेट मात्र काही फोनांत वर्षा-दोन वर्षांत आटोपतात, त्यांना तुमची झोपमोड करायची नसते.

दीड वर्षाने पडदा अडखळायला लागला, टायपलेली अक्षरं तुमच्यामागून चालत यायला लागली की फोन विकायला काढू नका. जुन्याला एक्स्चेंजमध्ये मिळणारा भाव ऐकून अपमान होतो. तो आईला द्या. 'तिला काय लागतं, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप' असं म्हणून द्यायचा रिवाज आहे. तिचे अकरा ग्रुप, सकाळचे शंभर गुलाब, बँकेचं अ‍ॅप, पेन्शनचा हयातीचा दाखला, गॅसचं बुकिंग, नातवाचा व्हिडिओ कॉल, हे सगळं त्या 4 जीबीत बसवायचं काम तिच्याकडे. अपडेट बंद झालेला फोन आणि आयुष्यभराची पुंजी असलेलं खातं एकाच हातात आलं की तुम्ही नवा घ्यायला मोकळे. या वेळी मेहुण्याला विचारलंत तरी चालेल. दुकानात असतानाच आईचा फोन येईल की ओटीपी आलाय पण टाकायची जागा दिसत नाही. तिला सांगा, घाई करू नकोस, नेट स्लो आहे.