आमच्या गाडीचे गॅसेस

बिघडलेल्या गाडीवर खर्च केला तर घरातले चार दिवस कुरकुर करतात आणि गप्प बसतात. पण चांगल्या चाललेल्या गाडीवर खर्च केला की याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजतात, आणि साताऱ्यात तर ही बातमी संध्याकाळपर्यंत राजवाड्यापासून गोडोलीपर्यंत पोचलेली असते. मला गाडीला ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजनच्या वाफेतलं तेल अडवणारा डबा, बसवायचा होता. बास, एवढंच. कुणाची जमीन विकायची नव्हती की पळून जाऊन लग्न करायचं नव्हतं.

गाडी सेकंडहँड, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), मॅन्युअल गिअर, आधीच्या मालकानं रिमॅप करून, म्हणजे इंजनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवून ठेवलेली, त्यामुळं पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत. तर मी आपलं जेवताना सहज बोलून गेलो, की गाडीला कॅन बसवणारे.

आण्णांनी ताटातून मान वर केली. "गाडीला झालंय काय?"

"काय नाय झालं."

"मग बसवायचा कशाला?"

"काय होऊ नये म्हणून."

"काय होऊ नये?"

आता हे भाकरी हातात धरून कसं सांगायचं. पण सांगितलं. म्हणलं, आण्णा, पिस्टनला रिंगा असतात, त्या सिलिंडरला घट्ट बसतात असं आपण धरून चालतो, पण शंभर टक्के घट्ट या जगात काहीच नसतं. वर पेट्रोलचा भडका उडाला की त्यातला थोडा गॅस रिंगांच्या बाजूनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजनच्या पोटात, उतरतो, अगदी नव्या कोऱ्या इंजनात पण उतरतो. त्यात जळकं-अर्धं जळकं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आणि खाली क्रँक गरागरा फिरून तेलाचं जे धुकं उडवतोय ते पण त्यात मिसळतं. हे सगळं आत कोंडलं तर प्रेशर वाढतं, आणि मग ते सील फोडून नायतर डिपस्टिक उडवून वाट काढतं.

"म्हणजे गॅसेस," आण्णा म्हणाले.

आमच्या घरात गॅसेस या विषयावर आण्णांइतका अधिकार कुणाचा नाही. त्यांना विषय एका क्षणात पटला. इंजन कोंडलं की काय हाल होत असतील ते त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून आईला समजावून सांगितलं, आणि आई ओव्याची बरणी आणायला उठली ती सवयीनंच. पण पुढचा प्रश्न त्यांनी बरोबर काढला: "मग कंपनीनं काय सोय केली नाय व्हय?"

केलीय की. तीच तर गंमत आहे. पीसीव्ही नावाचा एक व्हॉल्व्ह असतो, त्यातून इंजन स्वतःचाच गॅस स्वतः इनटेकमधून, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेनं, परत ओढून घेतं आणि जाळून टाकतं. साध्या इंजनात हे प्रकरण झकास चालतं. टर्बो आला की घोळ सुरू. यवतेश्वरच्या घाटात पाय दाबला की इनटेकमधलं व्हॅक्यूम जातं आणि तिथं उलटं टर्बोचं प्रेशर येतं, मग तो एकेरी व्हॉल्व्ह गपकन बंद व्हायला पाहिजे, नायतर टर्बोची हवा सरळ क्रँककेसमध्ये घुसणार. आणि आतली वाफ दुसऱ्या नळीनं टर्बोच्या तोंडाशी जायला पाहिजे. तिथून ती तेलकट वाफ टर्बो, मग टर्बोची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर, मग परत सिलिंडर. पेट्रोलमध्ये तेल मिसळलं की त्याचं ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची ताकद, खाली, मग इंजन नॉक करायला, म्हणजे आत अवेळी भडके उडून खटखटायला लागतं, नॉक सेन्सर बोंब मारतो, ईसीयू, म्हणजे इंजनचा कॉम्प्युटर, स्पार्कचं टायमिंग मागं घेतो, आणि रिमॅपला घातलेले पैसे घाटातल्या धुक्यात विरून जातात. माझ्या इंटरकूलरचा पाइप खोलला तेव्हा आत बोट फिरवलं तर बोट पेरापर्यंत काळं तेल. आणि पीसीव्हीचे रबरी पाइप उष्णतेनं आणि तेलानं एवढे कडक झालेले की काढताना हातात तुकडे आले.

म्हणून आधी ते पाइप आणि व्हॉल्व्ह नवीन टाकले. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण मूळ सिस्टीम फाटकी ठेवून वर चकचकीत कॅन लावतात आणि बॉनेट उघडून फोटो काढतात. त्याला काही अर्थ नाही.

आता कॅन. त्याचं काम सोपंय, वाफ मध्येच एका डब्यातून फिरवायची, तिथं ती गार व्हावी, तेल आणि पाणी खाली बसावं आणि स्वच्छ हवा पुढं जावी. हे घेऊन मी आमच्या मिस्त्रींकडं गेलो. मिस्त्री हुशार माणूस, इंजनचा आवाज ऐकून रोग सांगतात, पण नवीन काही म्हणलं की आधी हसतात.

"आवो सायेब, एवढं कशाला? जुन्या बुलेटचा ब्रिदर, वाफ सोडायची नळी, बाहेर, ट्रॅक्टरचा ब्रिदर बाहेर. पाइप काढायचा, बंपरच्या खाली सोडून द्यायचा. दहा मिनिटांचं काम."

म्हणलं मिस्त्री, आख्ख्या जगानं आधी हेच केलंय. गाडीच्या पोटाखाली एक उघडी नळी सोडायची, पळताना वाऱ्यानं वाफ ओढली जायची, ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की काहीच ओढलं जायचं नाही, आणि रस्त्यावर तेलाचे ठिपके. मग लॉस एंजेलिसच्या हवेची वाट लागल्यावर १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियाच्या गाड्यांना पीसीव्ही आला. म्हणजे पुण्यात पानशेत फुटलं त्या साली जे बंद करायला लागले ते आपण आता परत चालू करायचं?

मिस्त्री पानशेतपाशीच थांबले. त्यांचे चुलते तेव्हा पुण्यात होते. पुढं चहा येईपर्यंत फक्त पानशेत.

तरी पण बाहेर न सोडण्याची कारणं मी त्यांना सांगितली. एक तर घाटातून येऊन पोवई नाक्यावर थांबलं की तो वास एसीतून आत येणार आणि बायको विचारणार की काय जळतंय. दुसरं, माझ्या गाडीत आत येणारी हवा सेन्सर मोजतो. एखादी नळी अर्धवट उघडी राहिली की न मोजलेली हवा आत घुसणार, मग आयडलिंग खालीवर आणि चेक लाइट. आणि पीयूसीवाला नळी फक्त सायलेन्सरमध्ये घालतो म्हणून बंपरखालून सोडलेलं प्रदूषण हे प्रदूषण नाही असं थोडंच आहे. मिस्त्री म्हणाले, "बरं, डबा आणा, बसवून देतो." त्यांच्या "बरं"मध्ये जी दया होती ती मी आयुष्यात विसरणार नाही.

तयार कॅन ऑनलाइन मिळतात. स्वस्तातले बघितले तर आत काही नाही, नुसता पोकळ डबा, वाफ एका भोकातून येणार आणि दुसऱ्यातून तशीच जाणार. चांगले घ्यावेत तर किंमत बघून आण्णांना खरंच ओवा द्यावा लागला असता. म्हणून एमआयडीसीत एका टर्नरकडं गेलो. वहीच्या कागदावर चित्र काढून नेलेलं. ॲल्युमिनियमचा पाइप, खाली तळाला नट, वर झाकण, आत दोन आडव्या पट्ट्या.

टर्नरनं चित्र उलटसुलट बघितलं. "दुधाचं हाय का?"

"नाही, गाडीचं."

"पेट्रोल ठेवणार?"

"नाही हो. वाफ."

"वाफ ठेवणार?"

मग त्याला सगळं परत. त्याचं एकच म्हणणं, आतल्या पट्ट्या कशाला, आर्गनचं वेल्डिंग महाग पडतंय, त्या काढा, डबा स्वस्तात होईल. आणि माझं एकच म्हणणं की पट्ट्याच तर डबा आहेत. वाफ त्या पट्टीवर आपटते, वळते, परत आपटते, म्हणून तर थेंब चिकटतो आणि खाली गळतो. यावर त्यानं सुचवलं की मग आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबा, लोक कोंबतात. कोंबतात, खरंय. पण त्या घासणीची एक तार सुटून टर्बोच्या पंख्यात गेली की डब्याचे वाचलेले पैसे टर्बोसकट जातात. शेवटी पट्ट्या झाल्या आणि वर भोकं पाडलेल्या स्टीलची जाळी वेल्ड करून बसवली. डबा एवढा सुबक झाला की टर्नरला स्वतःलाच तो आवडला, आणि पैसे घेताना म्हणाला, "ह्यात तूप लय भारी ऱ्हाईल."

पाइप आणायला गेलो तर वेगळंच. दुकानदाराचा पहिला प्रश्न: "पाण्याला का हवेला?" म्हणलं दोन्ही, आणि तेल पण, आणि थोडं पेट्रोल. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी नेमकं काय चोरायला निघालोय. त्यानं आधी बागेचा पाइप दाखवला, मग शेगडीचा नारंगी पाइप, मग फवारणी पंपाचा. मला पाहिजे होता पाऊण इंची, तेलाला टिकणारा नायट्राइल रबरचा, जाड भिंतीचा, कारण पातळ पाइप व्हॅक्यूमनं आत चिमटतो आणि तेल न सोसणारा पाइप थोड्याच दिवसांत फुगून मऊ पडतो. शेवटी हायड्रॉलिकवाल्याकडं मिळाला. क्लिपा मात्र पहिल्या दुकानातनंच घेतल्या, एवढा वेळ खाल्लाय त्याचा म्हणून.

बसवायचं काम मिस्त्रींनी आमच्या दारातच केलं. जागा महत्त्वाची. एक्झॉस्टपासून लांब पाहिजे, गार वारा लागला पाहिजे, म्हणजे वाफ थिजेल. आणि पाइपला मध्ये झोळ नको, झोळात पाणी साठतं. बॅटरीच्या बाजूला जागा मिळाली, नळ्या जोडल्या, स्टार्टर मारला आणि इंजन डुगडुगायला लागलं. कुठूनतरी बारीक शिट्टी. कुठली तरी क्लिप हवा ओढत होती पण कळेना कुठली. मिस्त्रींनी आईकडं उदबत्ती मागितली. (हे घरी करू नका, पेट्रोलच्या लाइनजवळ तर अजिबात नको, मिस्त्रींचा हात वेगळा आणि आपला वेगळा.) बॉनेटच्या आत उदबत्ती हळूहळू नळीच्या कडेनं फिरवत नेली, धूर सरळ वर चाललेला, आणि डब्याच्या खालच्या जोडाशी आला तसा एकदम आडवा झाला आणि आत खेचला गेला. सापडली! मी टाळीच वाजवली. तेवढ्यात आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, तिला वाटलं पूजा सुरू झाली आणि आपल्याला कुणी बोलावलंच नाही. मग डब्याला हळदकुंकू लागलं, मिस्त्रींना पेढा मिळाला, क्लिप घट्ट झाली, शिट्टी बंद.

पाऊस होता तेव्हा कासला, महाबळेश्वरला मनसोक्त हिंडवली आणि मग एका रविवारी डब्याचा नट खोलला. खाली काचेची बरणी धरलेली. आधी पाणी आलं, मग दुधाळ तपकिरी, कॉफीच्या रंगाचं दाटसर काहीतरी, आणि शेवटी काळं तेल, आणि सगळ्याला पेट्रोलचा सणसणीत वास. दमट हवेत आणि जवळजवळच्या चकरा मारल्या की इंजन नीट तापत नाही, त्यामुळं पाणी जास्त निघतं. मला एवढा आनंद झाला की बरणी उन्हात धरून सगळ्यांना हाका मारल्या. हे सगळं आधी इंटरकूलरमध्ये जात होतं, बघा!

बायको बरणीकडं बघून म्हणाली, "अहो, ही लोणच्याची बरणी आहे."

आण्णांचं निदान वेगळं. "आधी गाडी चांगली होती. तू तो डबा लावला आणि ही घाण व्हायला लागली."

आता यावर काय बोलायचं? डबा घाण तयार करत नाही, फक्त दाखवतो, हे मी परोपरीनं सांगितलं. पण न दिसणारा रोग हा रोग नसतो, यावर आमच्या घरात एकमत आहे. शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर, ते म्हणाले फेकताय कशाला, परत इंजनात ओता, तेल आहे शेवटी. पाणी आणि पेट्रोल मिसळलेलं तेल परत ओतायचं म्हणजे डबा लावला कशाला! गटारात पण ओतायचं नाही. गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात जातं ते. काकांनी तरी त्यातलं थोडंसं गेटच्या बिजागरीसाठी मागून नेलंच.

आणि मग कोरेगावचे मामा आले. मामांनी डबा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला तो प्रत्येक मराठी माणूस विचारतो: "ॲव्हरेज किती वाढलं?" म्हणलं काही नाही वाढलं. पिकअप? तो पण नाही वाढला, होता तो टिकला. मामा थोडे नाराज झाले, पण डबा मनात बसला. "आमच्या डिझेलला बसंल का?"

त्यांची गाडी बघितली. इंजन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडून नुसतं वर ठेवलं तर ते टणाटणा उडायला लागलं आणि भोकातून भसाभसा धूर. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. मी स्पष्ट सांगितलं, मामा, एवढं बॅक मारतंय म्हणजे रिंगा गेल्यात, बहुतेक सिलिंडरचा बोअर पण आतून झिजलाय, आधी कॉम्प्रेशन चेक करून घ्या, इंजन काम निघणारे, डब्यानं भागायचं नाही. मामांना राग आला. त्यांनी गाडी वळवली, एमआयडीसीत त्याच टर्नरला गाठलं आणि माझ्यापेक्षा दुप्पट मोठा डबा करून घेतला, पट्ट्या न टाकता, स्वस्तात.

आता त्यांचा डबा आठवड्याला काठोकाठ भरतो. आणि लग्नकार्यात भेटले की सगळ्यांसमोर मला विचारतात, "काय भाचे, तुमचा अजून तळाशीच आहे का?"