फिश टँकमध्ये खायचा सोडा टाकायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन, रडत रडत, मामा मासे आडवे पडलेत. दोन फुटी टँक, त्यात चार गोल्डफिश, वाढदिवसाला आणून जेमतेम तीन आठवडे झालेत. सकाळपासून मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते म्हणून ताईने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं आणि कोणीतरी तो मेसेज टाकला, "टँकमधला अमोनिया १० मिनिटांत शून्य" (अमोनिया म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विष). दोन मोठे चमचे सोडा टाका, फिल्टर नळाखाली घासून धुवा, मूठभर मीठ टाका, पाणी काचेसारखं दिसलं की अमोनिया गेला समजा. ताईने संध्याकाळी सोडा टाकला, फिल्टर धुतला. मी पाणी तपासायचं टेस्ट किट घेऊन पोचलो तोवर दोन मासे गेले होते.

आधी सोडा, कारण खरा घात तिथेच आहे. मेसेज म्हणतो "अमोनिया हे ॲसिड आहे, सोडा ते कापतो". अहो, अमोनियाने तांबडा लिटमस निळा होतो हे शाळेत शिकवतात! अमोनिया स्वतःच अल्कली आहे, सोडा त्याला काय कापणार? पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक अमोनियम, ज्याचा माशांना फारसा त्रास नाही, आणि दुसरा मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट आत जातो आणि विष तोच आहे. कुठला किती हे पीएच (पाणी आम्ल की अल्कली याचं माप, ७ म्हणजे मधलं, वर गेलं की अल्कली) आणि तापमानावर ठरतं. इमर्सन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये कॅनडाच्या मत्स्य संशोधनाच्या जर्नलमध्ये याचं गणित छापलंय आणि आजही तेच वापरतात. त्यानुसार २८ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या ०.७ टक्के विषारी रूपात असतो, आणि पीएच ८ झाला की साडेसहा टक्के. म्हणजे नऊ पट. भाचीच्या टँकमध्ये किटचा रंग एकूण अमोनिया ८ पीपीएम (दहा लाख भागांत ८ भाग) दाखवत होता आणि पीएच ८, नळाचं पाणी मोजलं तर ७ च्या जरा वर. म्हणजे पीएच ७ ला जो विषारी अमोनिया ०.०५ च्या आसपास राहिला असता तो सोड्याने ०.५ वर नेला. विषारी अमोनिया ०.०२ पीपीएमच्या वर गेला तरी काळजी करतात. मासे आधीच त्रासात होते हे मान्य, पण त्यांना वाचवायच्या नावाखाली विष वाढवलं.

सोड्याचं एक मात्र खरं आहे, नाइलाजाने सांगतो. जुन्या टँकमध्ये पाण्याची क्षारता (पीएच टिकवून धरायची ताकद) संपून पीएच फार घसरला तर अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मंदावतात, तेव्हा अनुभवी लोक चिमूटभर सोडा वापरतात. पण अमोनिया आधी खाली आणून, मोजून, हळूहळू. चढलेला असताना दोन चमचे नाही.

फिल्टर नळाखाली घासणं तितकंच वाईट. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बहुतेक त्या स्पंजवरच असतात, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. नवीन टँकमध्ये ते जमायलाच चार-सहा आठवडे लागतात. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा, बस.

मिठाने अमोनिया जात नाही. नायट्राइट वाढलं असेल तर मिठातल्या क्लोराइडने माशांना थोडं संरक्षण मिळतं, ते वेगळं प्रकरण. झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) वापरत असाल तर मीठ अजिबात नको, त्यात अडकलेला अमोनिया परत पाण्यात सुटतो. आणि काचेसारखं पाणी म्हणाल तर भाचीच्या टँकमधलं पाणी त्या रात्रीही स्वच्छच होतं. अमोनियाला रंग नसतो, टेस्ट किटशिवाय कळत नाही.

मग करायचं काय? आम्ही निम्मं पाणी काढलं, त्याच तापमानाचं, अँटी-क्लोरीन घातलेलं नवीन पाणी हळूहळू भरलं, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) फुल सोडला आणि फूड दोन दिवस पूर्ण बंद. (तीन वेळा दाणे टाकत होती पोरगी, प्रेमाने, आणि ८ पीपीएम तिथूनच आलं, पण तिला कोणी सांगितलंच नव्हतं.) माझ्या चालू टँकमधला जुना स्पंज तिच्या फिल्टरमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निम्मं पाणी. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर आधी त्याचा पीएच बघा, टँकपेक्षा खूप जास्त असेल तर एकदम निम्मं न बदलता थोडं थोडं, नाहीतर सोड्याचाच प्रकार परत होईल.

आज सकाळी किटवर १ च्या आसपास, पीएच साडेसात, म्हणजे अजून रोज पाणी बदलायचंय. उरलेले दोन मासे खाली पोहतायत. भाची रोज संध्याकाळी स्वतः टेस्ट करून मला रंगाचा फोटो पाठवते.