कूलरचे हप्ते

होळी आटोपली की नागपुरात टरबुजं आणि कूलर एकदमच बाहेर येतात. टरबूज कापलं की झालं. कूलरला मात्र आधी माणसात आणावं लागतं.

आमचा कूलर जुना, लोखंडी, छातीइतका उंच. पावसाळ्यापासून मागच्या गॅलरीत चादर पांघरून पडलेला. चादर उचलली की तिन्ही ताट्यांतलं गवत वाळून कडक झालेलं, टाकीच्या बुडाला गंजाचे पापुद्रे, पंपावर क्षाराचा पांढरा थर आणि कोपऱ्यात एका कबुतरिणीचा संसार. मी चादर पुन्हा नीट घालतो. मार्चभर हेच चालतं. कूलरवाल्याला फोन करावा, तर एप्रिलमध्ये तो कायम 'निघालोच भाऊ, रस्त्यातच आहो' या अवस्थेत असतो. कोणत्या रस्त्यात, ते विचारायचं नसतं.

यंदा बायकोने वेगळाच डाव टाकला. "अहो, अख्खा कूलर कोण म्हणून राह्यलं तुम्हाला? चहा होतपर्यंत एक ताटी काढा फक्त."

इथेच माझी गोची झाली. अख्ख्या कूलरसाठी माझ्याकडे एकाहून एक कारणं तयार होती: पाठ, ऑफिस, लग्नसराई, ऊन. पण चार स्क्रू काढायला पाठदुखी सांगणार कोणत्या तोंडाने? ताटी निघाली. दुसऱ्या दिवशी दुसरी. मग कधी नुसता काचपेपर, कधी रेड ऑक्साइडचा एक हात, तो वाळला की बुडाला डांबर. पंप रात्रभर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवला. हे काम मला फार आवडलं, कारण त्यात झोपायचं असतं. कबुतरीण तेवढी स्वतःहून गेली, तीसुद्धा पिल्लं उडाल्यावर.

खरा अंत पाहिला तो वरच्या नळीने. प्लास्टिकची नळी, खालून बारीक भोकांची रांग. एक भोक बुजलं की त्याखालचा गवताचा पट्टा कोरडा, आणि तिथून थेट झळ घरात. कूलरची सगळी करामत पाण्याची वाफ होण्यात आहे. वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. मुंबईच्या दमट हवेत हा धंदा बसतो, नागपूरच्या कोरड्या मेमध्ये तेजीत चालतो. इथे २०१३ च्या मेमध्ये पारा ४७ च्या वर गेला होता, आणि २५ मेच्या सुमाराला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतात ते वेगळेच. त्यामुळे एकही भोक सोडून चालत नाही. टाचणी खुपसायची, फिरवायची, फुंकर मारायची. समोरून खडूसारखी भुकटी उडून चष्म्यावर बसते. पुसायचं, पुढचं भोक.

शेजारचे काका कंपाउंडवरून बघत होते. त्यांच्याकडे एसी आहे.

"काऊन जी, बासरी बनवून राह्यले का?"

मी उत्तर दिलं नाही. तोंडात नळी होती.

कूलर सुरू झाला. पहिल्या झोतात गवताच्या काड्या थेट आईच्या पोथीवर गेल्या, पण मागोमाग ओल्या वाळ्याचा असा वास आला की तिनेही चष्मा काढून डोळे मिटले. पुढे एसीचं बिल आलं, तेव्हापासून काका दुपारी पेपर घेऊन आमच्याकडेच असतात. परवा उठले, मागे जाऊन ताटीवर हात फिरवला आणि खिडकीतून म्हणाले,

"भाऊ, इथं कोरडं लागून राह्यलं. एक भोक राह्यलं तुमचं."