भाऊसाहेबांचं पोट

ज्याचं पोट दुखतं तो ओवा मागतो, म्हणतात. आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले भाऊसाहेब मात्र काहीच मागत नाहीत. ते जातीनं यलो टँग मासा, रंगानं पिवळेधमक, स्वभावानं जमीनदार. दुखलं-खुपलं तर कण्हणं नाही, कुथणं नाही, आणि पोटावर हात धरायचा तर हातच नाहीत. दगडाच्या कपारीत तोंड खुपसून उभे राहतात, पोट फुगवतात आणि बाकीचं माझ्यावर सोपवतात.

बाकीचं म्हणजे शी बघणं. समुद्री मासे पाळणारा माणूस निळ्या उजेडात बसून प्रवाळ न्याहाळत असेल, अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात मी गुडघे टेकून, टॉर्च घेऊन, एका माशाच्या मागच्या अर्ध्या भागावर डोळे लावून बसलेला असतो. येणारा-जाणारा विचारतो, "झाली का?" मी मान हलवतो. भाऊसाहेबही टॉर्च दिसला की पाठ फिरवायचं सोडून तोंड माझ्याकडे फिरवतात. एवढं करून झालीच, तर पंपाचा झोत ती क्षणात दुसऱ्या टोकाला नेतो आणि तिथं एखादा उपद्व्यापी मासा पुरावा गिळून मोकळा होतो. लगेच थुंकतोही म्हणा, पण तोवर रंग-रूप काही बघण्याजोगं उरलेलं नसतं.

रंगाला फार महत्त्व आहे हो. शेवाळ खाल्लं तर हिरवी, तांबडे पेलेट, म्हणजे तयार खाद्याचे दाणे, खाल्ले तर तांबूस. इथवर सगळं ठीक. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत राहणारी दिसली की पाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण त्यातही दोन अर्थ. मासा उपाशी असेल तर आतडं नुसता चिकट स्राव बाहेर टाकतं, तोही पांढराच दिसतो. मासा व्यवस्थित खातोय, तरी शी रोज पांढरी आणि पोट पाठीला लागलेलं, असं असेल तर आत कुणीतरी फुकट जेवतंय असा दाट संशय घ्यावा: जंत तरी, नाहीतर डोळ्यांना न दिसणारे परजीवी. त्यांच्यावर औषधं आहेत. परजीवींना मेट्रोनिडाझोल, म्हणजे माणसांना देतात तेच, आणि चपट्या जंतांना प्राझिक्वांटेल. ती माशांचं कळणाऱ्या व्हेटला विचारून, खाण्यात कालवून द्यायची. मेट्रोनिडाझोल इतकं कडू की आजारी मासा ते थुंकतो आणि धडधाकट मासा हावरटपणानं मटकावतो.

भाऊसाहेबांची तक्रार याच्या उलट होती. काही बाहेरच येत नव्हतं. पोट टम्म, खाण्यावर वासना नाही.

"दिवस गेलेत का रे तिला?" आईनं काचेला नाक लावून विचारलं.

"अगं, तो भाऊसाहेब आहे."

"तुला काय माहीत?"

खरं तर मला माहीत नाही. यलो टँग नर की मादी हे नुसतं बघून सांगणं अवघड. शिवाय टाकीतल्या क्लाउनफिशनी आईचा माझ्या ज्ञानावरचा विश्वास आधीच उडवलाय. ते सगळे जन्मतात नर म्हणून आणि जोडीतला मोठा मासा मादी होतो. त्यांच्यातल्या बाईसाहेबांचं पोट मधूनमधून फुगतं. मी लगबगीनं उपास सुरू करतो आणि दुसऱ्या दिवशी दगडावर अंडी दिसतात. तेव्हा आई काही बोलत नाही. नुसती बघते.

खवले उभे राहिलेत का, तेही पाहिलं. तसं असतं तर दुखणं आतड्याचं नसून बहुधा मूत्रपिंडाचं निघालं असतं, आणि ते फार वाईट. खवले जागेवर होते. मग पाणी तपासलं. खरं म्हणजे हे सगळ्यात आधी करावं, कारण मासा खाईनासा झाला की पोटाआधी पाण्यावर संशय घ्यायचा असतो. अमोनिया शून्य, खारटपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२५. पाणी निर्दोष सुटलं.

राहता राहिलं खाणं. भाऊसाहेबांचं घराणं मूळचं शाकाहारी. टँगचं आतडं लांबलचक असतं, दिवसभर दगडावरचं शेवाळ खरडत राहण्यासाठी घडलेलं. त्यांच्यासाठी क्लिपला नोरीचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं, पान लावलेलं असतं. पण क्लाउनफिशसाठी मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, टाकलं की हे आधी हजर. आणि दुपारी मी घरात नसताना आई मूठभर कोरडे पेलेट सोडते, असंही चौकशीत निष्पन्न झालं.

"तो बघतो ना माझ्याकडे," आई म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही अशा नजरेनं."

ती नजर मी ओळखतो. सगळ्या माशांना ती जन्मतः येते. कोरडे पेलेट पोटात जाऊन फुगतात, म्हणून आधी टाकीच्या पाण्यात भिजवून द्यायचे, हे मी समजावून सांगितलं. "मग तू लिहून ठेवायचं होतंस," एवढंच उत्तर मिळालं.

बायकोनं सुचवलं, "सरळ सगळ्यांनाच दोन दिवस लंघन दे." भाऊसाहेबांना चाललं असतं, पण टाकीत रास (wrasse) जातीचा एक मासा आहे आणि त्याच्या घराण्यात जठर हा अवयवच नसतो. समुद्रघोड्यांचंही तेच. खाल्लेलं थेट आतड्यात, साठवण काही नाही. म्हणून त्यांना थोडं थोडं, पण वारंवार लागतं. एकाला उपास आणि दुसऱ्याला दिवसभर चरणं, एकाच हॉलमध्ये. शेवटी भाऊसाहेबांना वेगळ्या टाकीत हलवावं लागलं. त्या पकडापकडीत प्रवाळाची मांडामांड कोसळली. तो विषय बायकोसमोर अजून निघालेला नाही.

वेगळ्या टाकीत एप्सम सॉल्ट बेताचं घालतात, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. माणसांनाही ते पोट साफ व्हायला देतात. इथं मला हसावं की रडावं कळेना. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मुळातच सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम आणि अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट असतं. आणि समुद्री मासे ते सतत पितात. भोवतीचं पाणी त्यांच्या अंगापेक्षा खारट, त्यामुळे शरीरातलं पाणी सारखं बाहेर झिरपतं. ते भरून काढायला प्यायचं आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे फेकायचं. म्हणजे भाऊसाहेब जन्मल्यापासून रेचकात राहतात, रेचक पितात, आणि तरीही त्यांना बद्धकोष्ठ!

एप्समचा गुण आला, लंघनाचा आला, की मागाहून दिलेल्या नोरीचा, कुणी सांगावं. एका संध्याकाळी लांब, हिरवीगार, ठसठशीत अशी झाली. या टाकीत झोत नव्हता, चोर नव्हते, पुरावा तळाशी शाबूत होता. मी चारी बाजूंनी फोटो काढले आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. मोठ्या काकांनी, बहुधा फोटो न उघडताच, जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मावशीनं विचारलं, "कुठली भाजी रे ही?"